न ढकलता बसलेला धक्का

अनिता शितोळे चालत्या गाडीत दांडी धरत नाही. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्यात सुटे पैसे, खांद्याला चामडी बॅग आणि पाय वीतभर अंतरावर रोवलेले. शिरूरहून यवतला निघालेली बस न्हावऱ्याच्या चौकात वळो, पारगावच्या पुलाआधी ब्रेक मारो, की केडगावच्या गतिरोधकावर उडो, बाई जागची हलत नाही. नवखा प्रवासी तिच्याकडे बघत राहतो. नेहमीच्यांना त्याचं काही वाटत नाही.

चौदा वर्षांपूर्वी मात्र असं नव्हतं. कंडक्टरचा बिल्ला छातीला लागला त्या पहिल्या आठवड्यात ती तीन वेळा लोकांच्या मांडीवर बसली होती. एकदा तर वळणावर सगळी चिल्लर एका म्हाताऱ्याच्या टोपीत सांडली आणि अख्खी गाडी हसली. त्या दिवशी चौफुल्याला चहा पिताना ती ड्रायव्हर हनुमंतमामांना म्हणाली, "मामा, मला नाही जमणार हे. शेतात खुरपं धरलेलं बरं."

हनुमंतमामांनी बशीतला चहा संपवला. ते कमी बोलणारे, पण बोलले की कामाचं बोलणारे.

"तू गाडीसंगं भांडतीस, पोरी. गाडी वळल्यावर सावराया बघतीस. तवर उशीर झालेला आसतो. माझ्या मानंकडं ध्यान ठिव. मान जिकडं वळंल तिकडं तू आधी आंग झुकव. मंग तुला कोन ढकलनार न्हाई."

"पण मामा, ढकलतंय कोण?"

"कोन बी न्हाई," मामा म्हणाले. "त्येच तर."

मामांचं ते बोलणं तिला नवीन नव्हतं. ती बारावी सायन्स होती, आणि तिला भौतिकशास्त्र शिकवणारे सोपानराव सर हेच सांगायचे. सरांच्या शब्दांत त्याला 'आभासी बल' म्हणत. वळणावर माणूस बाहेर फेकला जातो असं वाटतं, पण फेकणारं कोणी नसतं, म्हणून ते बल आभासी, खरं नव्हे. अनितानं तेव्हा चाचणी परीक्षेत लिहिलं होतं, 'हे बल खरे असावे, कारण ते लागते.' सरांनी गुण कापला नव्हता, पण शेजारी लाल शाईनं भलं मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं. पुढे भौतिकशास्त्र सुटलं. लग्न झालं, नवरा रोहिदास कुरकुंभच्या एका कंपनीत शिफ्टला लागला, आणि भरती निघाली तशी अनिता कंडक्टर झाली. मामांच्या मानेकडे बघत बघत दोन महिन्यांत ती उभं राहायला शिकली, आणि वर्षभरात मानेकडे बघायचीही गरज उरली नाही. रस्ता तिच्या तळपायांना पाठ झाला.

ही हकीकत घडली ती गेल्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास. लग्नाची दाट तीथ होती. शिरूरलाच गाडी भरली आणि न्हावऱ्याला चढणाऱ्यांना उभंच राहावं लागलं. तिथे सारजाबाई चढल्या. खुटबावच्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे, हिरवं नऊवारी लुगडं, हातात लेकीनं दिलेली शेंगदाण्याची पिशवी. त्यांच्या मागून चढला भारत, तोही खुटबावचाच. माळ्याचा, चौतिशीचा, फुलशेती करणारा. नर्सरीतून झेंडूची रोपं घेऊन चालला होता. रोपांचा क्रेट त्यानं दोन पायांच्या मध्ये ठेवला आणि दोन्ही हातांनी वरची दांडी धरली. दोघं एकाच गावचे असून एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही, हे अनिताच्या ध्यानात आलं. पण अशी माणसं गाडीत रोजच असतात.

एरवी म्हातारं माणूस चढलं की अनिता आधी जागा करून द्यायची आणि मग तिकिटाचं बघायची. त्या दिवशी समोरून येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरनं हात दाखवून खूण केली होती, म्हणजे पुढे पारगावला तपासणीचे साहेब उभे होते. तोवर सगळी तिकिटं व्हायला हवी होती. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, पण कार्ड डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते तिकीट मशीनमधून काढायचं नाही, असा नियम.

"आजी, कार्ड दाखवा."

"दावते की बाई. जरा थांब."

"लवकर आजी, साहेब हायेत पुढं."

सारजाबाईंनी दांडी सोडली. पिशवी कोपरात अडकवली आणि कनवटीची चंची सोडायला दोन्ही हात कमरेला नेले.

नेमक्या त्याच वेळी डाव्या अंगाच्या उसातून, मळ्याच्या वाटेनं एक मोटारसायकल थेट रस्त्यावर आली. चालवणाऱ्यानं बसकडे बघितलंच नव्हतं. हनुमंतमामांनी गाडी उजवीकडे ओढली. चाकं करकरली आणि गाडीतली सगळी माणसं वाऱ्यानं ज्वारी लवावी तशी डावीकडे लवली. ज्यांनी दांडी धरली होती ती लवून पुन्हा उभी राहिली. सारजाबाई सीटच्या लोखंडी कडेवर आदळल्या. मनगट खाली सापडलं. हाड मोडल्याचा आवाज अनिताला स्पष्ट ऐकू आला.

मोटारसायकलवाला वाचला होता आणि निघूनही गेला होता. गाडी थांबली. दोन पोरींनी उठून म्हातारीला सीटवर बसवलं. अनितानं ओढणीनं मनगट बांधलं. सारजाबाईंचा चेहरा पांढराफटक झाला होता, पण आवाज खणखणीत होता.

"ढकललं! मागनं ढकललं मला! ह्या भारत्यानं ढकललं!"

भारत अजून दोन्ही हातांनी दांडीला धरूनच उभा होता. पायातला क्रेट कलंडला होता आणि रोपं सांडली होती.

"आवं आज्जी, म्या कशाला... माझं हात वर हायेत की!"

"माझ्या खांद्याला लागलं! ह्या, ह्या उजव्या खांद्याला!"

गाडीत लगेच दोन तट पडले. कोणी म्हणालं, बघितलं मी, कोणी म्हणालं, काही बघितलं नाही. अनिता दोघांच्या समोर, दोन हातांवर उभी होती. भारतचे हात दांडीवर होते आणि त्याच्या अंगात न् म्हातारीच्या पाठीत हातभर मोकळी जागा होती, हे तिनं स्वच्छ पाहिलं होतं. पण त्या घडीला भांडण सोडवण्यापेक्षा मनगट महत्त्वाचं होतं. केडगावला गाडी दवाखान्याच्या दारात उभी करून तिनं सारजाबाईंना आत नेलं, त्यांच्या मुलाला फोन केला, आणि पुढची फेरी अर्धा तास उशिरा सोडली.

मुलगा बापूसाहेब म्हणजे गावच्या सोसायटीतलं वजनदार नाव. भारतनं तीन वर्षांपूर्वी त्यांच्या बांधावरून पाइपलाइन नेऊ द्या म्हणून विचारलं होतं. बापूसाहेबांनी नकार दिला, भारत चावडीवर दोन शब्द जास्त बोलला, आणि तेव्हापासून दोन घरांत बोलचाल बंद होती. आता त्या रागाला आईचं मोडलेलं हाड मिळालं. चौथ्या दिवशी बापूसाहेबांनी पोलिसांत अर्ज दिला, की जुन्या वैरातून भारतनं आपल्या आईला चालत्या गाडीत मुद्दाम ढकललं. एक अर्ज बस आगाराच्या कचेरीतही दिला.

त्या आठवड्यात भारत यवतच्या थांब्यावर अनिताची वाट बघत उभा राहिला. दाढी वाढलेली.

"ताई, तुम्ही समोर व्हता. तुम्हीच सांगा, म्या हात लावला का?"

"नाही लावला."

"मंग सांगा की तसं. पोलिसाचं जाऊ द्या, ते बगतील त्यांचं. पर गावात कसं ऱ्हायाचं? आई दळान घिऊन गेली गिरणीत, तर बाया उठून बाहीर गेल्या. म्हातारीला ढकलनाऱ्याची आई म्हनून. रंगुबाई नाव हाय तिचं, साठ वरसं त्या गावात काढली तिनं."

"मी लिहून देणार आहे," अनिता म्हणाली.

कचेरीनं तिच्याकडे आणि हनुमंतमामांकडे लेखी खुलासा मागितलाच होता. इथे एक पेच होता. कोणी ढकललं नाही असं लिहायचं, तर मग म्हातारी पडली कशानं? गाडी एकदम वळली म्हणून. आणि गाडी वळवली कोणी? मामांनी. मामांच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावावर एकही अपघात नव्हता.

"मामा, काय लिहू?"

"काय घडलं त्ये लिही. मी वळवली, व्हय, मी वळवली. न वळवतो तर ते पोरगं चाकाखाली व्हतं. माझ्या निवृत्तीपायी त्या भारतला कशाला लटकवतीस?"

अनितानं खुलासा लिहिला. मोटारसायकल अचानक आली, चालकानं प्रसंगावधान राखून गाडी वळवली, वृद्ध महिला प्रवासी तोल जाऊन पडली, अन्य प्रवाशानं धक्का दिल्याचं मी पाहिलं नाही. कागद दोनदा वाचला. एकही शब्द खोटा नव्हता. तरी सही करताना पेन अडखळलं. का ते तिनं स्वतःला विचारलं नाही.

पुढच्या गुरुवारी न्हावऱ्याला सोपानराव सर चढले. निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झाली होती. केडगावला लेकीकडे अधूनमधून जात आणि कंडक्टरच्या सीटमागची जागा मिळाली की खूश होत. सगळ्यांची तिकिटं देऊन अनिता त्यांच्याजवळ आली.

"सर, एक विचारू? वळणावर जो धक्का बसतो, तो खरा की खोटा?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "वीस वर्षांनी विचारतेस?"

तिनं मंगळवारची सगळी गोष्ट सांगितली. सर लक्ष देऊन ऐकत होते. मग खिडकीबाहेर बोट दाखवलं. एका वावरात बाया खुरपत होत्या.

"समज, त्या बायांपैकी एकीनं तुझी गाडी बघितली. तिला काय दिसलं? गाडी उजवीकडे वळली. म्हातारी मात्र जशी सरळ चालली होती तशी सरळच निघाली. तिला डावीकडे कोणी लोटलं नाही, गाडीच तिच्यापासून उजवीकडे सरकली. बाहेरून बघणाऱ्याला धक्का दिसतच नाही. आता गाडीत उभं राहून बघ. गाडी आपल्याला स्थिर वाटते, मग म्हातारी अशी एकाएकी का गेली, ह्याचं काहीतरी कारण लागतं. म्हणून आतला माणूस एक धक्का मानतो. तो धरला की सगळं बरोबर जुळतं, मोजमापसुद्धा. फक्त त्याला देणारा कोणी सापडत नाही. खऱ्या बलाला देणारा असतोच. दोरी असते, हात असतो, पृथ्वी असते. ह्याला नसतो. म्हणून आभासी."

"आणि देणारा सापडत नाही म्हणून माणूस शोधतो."

"शोधणारच. आणि ज्याच्याशी वाकडं त्याच्यात आधी सापडतो."

दोघं जरा हसली. मग सर सहज म्हणाले, "त्या गाडीत खरं बल कुठलं होतं माहितीये? दांडीचं. बाकीच्यांना गाडीबरोबर उजवीकडे कोणी नेलं? दांडीनं हात ओढले, सीटनं अंग ओढलं. म्हातारीला ओढायला काहीच नव्हतं. तिनं दांडी का सोडली होती गं?"

पारगाव आलं होतं. अनितानं दोरी ओढली, घंटी वाजली, दार उघडलं. माणसं उतरली, चढली. तिनं पुन्हा दोनदा घंटी मारली. आणि सरांच्या प्रश्नाकडे पाठ करून ती नव्या प्रवाशांची तिकिटं काढायला गेली.

त्या संध्याकाळी भाकऱ्या थापताना तिनं रोहिदासला सांगितलं. तो पहिल्या शिफ्टवरून येऊन नुकताच अंघोळ करून बसला होता.

"मी कार्ड मागितलं म्हणून तिनं हात सोडला. आधी बसवायला पाहिजे होतं. रोज बसवते. त्या दिवशी साहेबांच्या भीतीनं घाई केली."

"खुलाशात लिहिलंस का ते?"

"नाही."

"मंग झालं तर. भारत सुटला, मामा सुटंल. तुला कोन विचारतंय? आपून होऊन कशाला मान पुढं करायची? आमच्या प्लांटला म्हन हाय, जेवढं विचारलं तेवढंच सांग."

अनितानं भाकरी तव्यावर टाकली. रोहिदासचं म्हणणं चुकीचं नव्हतं. नोकरी करणारा कोणीही हेच म्हणाला असता. पण तिच्या मनात दुसरंच चाललं होतं. भारत अजून सुटला नव्हता. कचेरीत कागद गेला, पोलिसांनी तिचा जबाब घेतला, तरी खुटबावच्या ओट्यावर बसलेल्या म्हातारीच्या खांद्यावर भारतचा हात तसाच होता. तो तिथून काढायचा तर म्हातारीला दुसरं काहीतरी खरं द्यायला हवं होतं. आणि ते अनिताजवळ होतं.

रविवारी सुट्टी होती. ती खुटबावला गेली.

बापूसाहेबांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. पाहुणचारात कमी नव्हती, पण चेहरा घट्ट होता. सारजाबाई ओट्यावर खांबाला टेकून बसल्या होत्या, हात प्लास्टरमध्ये, गळ्यातून पट्टा.

"आजी, दुखतंय का अजून?"

"दुखतंय की. पर तू भारतच्या बाजूनं लिवून दिलंस म्हनं. म्हंजी म्या खोटं बोलते व्हय? ह्या खांद्याला लागलं माझ्या. म्हातारपनी सपान पडलं का काय मला?"

"सपान नाही पडलं आजी. लागलंच असणार. मला चौदा वर्षं रोज लागतंय."

सारजाबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. हे त्यांना कोणी आधी म्हटलं नव्हतं. सगळे एकतर 'भारतनंच ढकललं' म्हणत होते, नाहीतर 'तुम्हाला तसं वाटलं' म्हणत होते.

"गाडी वळली की लागतं," अनिता म्हणाली. "मोकळ्या गाडीतसुद्धा लागतं. मागं कोणी नसताना."

"कोन नसताना कसं लागंल?"

सरांसारखी भाषा अनिताकडे नव्हती. ती इकडेतिकडे बघत राहिली. पडवीच्या खुंटीला जुनी गोफण लोंबत होती, सुताची, मधला पट्टा मळून काळा झालेला. परड्यापलीकडच्या वावरात ज्वारी उभी होती आणि पाखरांचे थवे उठत-बसत होते.

"आजी, गोफण कोण चालवतं?"

"आता कोन चालवतंय? म्या चालवायची. बारा वरसाची व्हते तवापासनं माच्यावर. माझा धोंडा बांधाच्या बाभळीपत्तुर जायचा, इचार कुनाला बी."

"मला दाखवाल?"

"मोडक्या हातानं?" पण म्हातारीच्या डोळ्यांत चमक आली. "घे ती. तूच फिरव. म्या सांगते."

अनितानं गोफण काढली. अंगणात जाऊन पट्ट्यात खडा ठेवला आणि डोक्यावर फिरवायला लागली.

"आगं मनगाटानं! आख्खा हात कशाला हलवतीस? आता सोड! सोड की!"

अनितानं उशिरा सोडलं. खडा गोठ्याच्या पत्र्यावर जाऊन ठणकन वाजला. म्हशी दचकून उठल्या. बापूसाहेबांनाही हसू आवरलं नाही.

"उशीर केलास," सारजाबाई म्हणाल्या. "जिथनं सोडशील तिथनं त्यो नाकासमोर जातो. नेम सोडन्यात आसतो."

"नाकासमोर? बाहेर नाही फेकला जात? माझ्या हाताला तर तो बाहेर ओढत होता."

"तुझ्या हाताला वाटतं तसं. तूच त्याला आत वढून धरलेला आसतीस, म्हनून त्यो गरगर फिरतो. त्याला कुटं फिरायचंय? सोडला की गेला सरळ."

"मग त्याला कोणी ढकललं?"

"कोन ढकलनार? दोरी सुटली..."

म्हातारी मध्येच थांबली. अनिता ओट्याच्या पायरीवर येऊन बसली. गोफण तिच्या मांडीवर होती.

"आजी, गाडी वळली तेव्हा सगळ्यांच्या हातात दांडी होती. त्या दांडीनं त्यांना गाडीबरोबर ओढून नेलं. तुम्ही सुटलेल्या होता, तुम्ही सरळ गेलात. तुमच्या हातातली दांडी मी सोडायला लावली. मी कार्ड मागितलं. तुम्ही थांब म्हणालात, तर मी लवकर म्हणाले. आधी तुम्हाला बसवायला पाहिजे होतं. हे मी खुलाशात लिहिलं नाही. भ्याले."

मग बापूसाहेब खुर्चीतून उठले.

"म्हंजे चूक तुमची! आन् इतकं दिवस तुम्ही..."

"गप रं बापू," सारजाबाई म्हणाल्या. "ती आपल्या पायानं आलीया. कुनी बोलवलं नव्हतं तिला."

त्यांनी प्लास्टरमधला हात उचलून पुढे केला. मग त्यांनी विचारलं, "धक्का कुनी दिला न्हाई म्हनतीस. मंग हाड कसं खरं मोडलं?"

"हाड सीटच्या लोखंडानं मोडलं आजी. ते खरं होतं. ते तिथंच होतं, आणि तुम्ही त्याच्यावर गेलात."

"हं." म्हातारीनं मान हलवली. पटलं की नाही ते चेहऱ्यावरून कळेना. "चा गार झाला तुझा. दुसरा टाकाया सांग रं बापू."

अनितानं सोमवारी कचेरीत दुसरा खुलासा दिला. साहेबांनी तो वाचून तिच्याकडे असं बघितलं, की ही बाई काय म्हणून आपल्या हातानं हे लिहून आणते. पण कागद आला म्हटल्यावर त्यावर काहीतरी करणं भाग होतं. तिला लेखी ताकीद मिळाली आणि ती तिच्या सेवापुस्तकात नोंदली गेली. रोहिदास दोन दिवस धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं कंपनीतून येताना तिच्यासाठी भेळ आणली, ती दोघांनी खाल्ली, आणि तो विषय घरात संपला.

बापूसाहेबांनी अर्ज लगेच मागे घेतला नाही. पंधरा दिवस ते टाळत राहिले. नावाचा माणूस, दिलेला शब्द एकदम कसा फिरवणार. शेवटी सारजाबाईंनीच काम केलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी त्या दळणाचं निमित्त करून गिरणीत गेल्या. पाच-सहा बाया होत्या आणि रंगुबाई एका कडेला आपला डबा घेऊन उभी होती. सारजाबाई तिच्याजवळ गेल्या आणि गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या, "रंगे, तुझ्या पोरानं मला न्हाई ढकललं. माझा हात दांडीवर नव्हता." रंगुबाईनं पदरानं डोळे पुसले आणि सारजाबाईंचा डबा उचलून वजनकाट्यावर ठेवला, कारण म्हातारीच्या हातात अजून जोर नव्हता. त्याच संध्याकाळी बापूसाहेबांनी अर्ज मागे घेतला.

भारतची पाइपलाइन अजून झालेली नाही. दोन घरं फार बोलतात असंही नाही. पण रस्त्यात गाठ पडली तर बापूसाहेब आता गाडीची काच खाली करतात. झेंडू त्या वर्षी चांगला आला. भारतनं एक पोतं फुलं यवतच्या थांब्यावर गाडीत ठेवलं, त्यातली निम्मी अनितानं प्रवाशांत वाटली आणि निम्मी हनुमंतमामांच्या निरोपाच्या हारासाठी ठेवली. मामा जूनच्या शेवटच्या दिवशी निवृत्त झाले, कोऱ्या पुस्तकानिशी. सत्काराला उभं राहून बोला म्हटल्यावर ते एवढंच म्हणाले, "गाडी चांगली व्हती. मानसं चांगली व्हती." आणि खाली बसले.

सोपानराव सरांना अनितानं गोफणीची गोष्ट सांगितली, तेव्हा ते इतके हसले, की चष्मा पडता पडता वाचला. "मी तीस वर्षं फळ्यावर बाण काढत बसलो," ते म्हणाले. मग जरा थांबून, गंभीर होऊन: "त्या प्रश्नचिन्हाचं मला वाईट वाटतं. तू लिहिलं होतंस, ते लागतं म्हणून. लागतं ते लागतंच. मी नुसतं चिन्ह काढायला नको होतं, आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता."

"कुठला सर?"

"तू कुठून बघतेस, हा."

आता अनिताची ड्युटी दौंडच्या फेरीवर असते. नवा ड्रायव्हर तरुण आहे, ब्रेक जरा जोरात मारतो, त्याच्या सवयी तिच्या पायांना अजून शिकायच्या आहेत. सारजाबाई महिन्यातून एकदा लेकीकडे जातात आणि न्हावऱ्याच्या थांब्यावर अनिताची विचारपूस कुणा ना कुणाकडे करतात. मनगट किंचित वाकडं राहिलंय, पण भाकरी थापता येते. कोणी विचारलं तर त्या अजूनही म्हणतात, त्या दिवशी खांद्याला लागलं ते लागलंच. मात्र कुणाचा हात होता, असं विचारलं तर म्हणतात, "कुनाचाच न्हाई." आणि पुढच्या कामाला लागतात.